खासदारांचे संसदीय काम : पाणंद रस्ता, कांद्याची पट्टी आणि परराष्ट्र व्यापार

सीनाकाठ (धागाकर्ता)

आपल्याकडे खासदारांच्या कामाचा विषय निघाला की तो बहुधा दोनच वाटांनी जातो. पहिली वाट समाजमंदिर, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीची शेड आणि पाणंद रस्ता यांच्या हिशेबाची. दुसरी वाट अलीकडे रूढ झाली आहे. सभागृहातली हजेरी किती टक्के आणि प्रश्न किती विचारले याचे तक्ते छापायचे आणि त्यावरून कोण पहिला, कोण शेवटचा हे ठरवून मोकळे व्हायचे. या दोन्ही मोजमापांतून ग्रामीण मतदारसंघाच्या खासदाराचे खरे काम निसटते, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे.

पहिल्या मोजमापाचे गणित सोपे आहे. खासदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो. आपल्या जिल्ह्यातल्या सोलापूर लोकसभा मतदारसंघात मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. दुसऱ्या, म्हणजे माढा लोकसभा मतदारसंघातही सहाच, त्यांपैकी फलटण आणि माण सातारा जिल्ह्यातले. सहा ठिकाणी सारखे वाटले तर एकाच्या वाट्याला वर्षाकाठी ८३ लाख रुपयांच्या आसपास येतात, आणि त्यातही खासदार काम फक्त सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. एवढ्यासाठी माणूस दिल्लीला पाठवायचा असेल तर ते काम जिल्हा परिषदेचा सदस्यही करू शकला असता.

दुसऱ्या मोजमापाची गंमत पाहा. २००९ ते २०१४ या काळात माढ्याचे खासदार शरद पवार होते आणि सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. एक केंद्रीय कृषिमंत्री, दुसरे आधी ऊर्जामंत्री आणि २०१२ पासून गृहमंत्री. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. म्हणजे ज्या पाच वर्षांत या जिल्ह्याचा दिल्लीत सर्वांत जास्त शब्द चालत होता, त्याच पाच वर्षांत प्रश्नांच्या तक्त्यात आपले दोन्ही खासदार शून्यावर असणार. हा आकडा एकटा घेतला तर काहीच सांगत नाही, असे यावरून म्हणावे लागते.

मग काय पाहावे? माझे म्हणणे असे की, ज्या विषयाचा अधिकार फक्त केंद्राकडे आहे आणि ज्याचा परिणाम थेट आपल्या गावात दिसतो, त्या विषयावर खासदाराने काय विचारले हे पाहावे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती आणि पाणी हे राज्याच्या सूचीतले विषय आहेत. परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी होणारे करार आणि आयात-निर्यात हे केंद्राच्या सूचीतले. म्हणजे कांदा पिकवणे हा मुंबईचा विषय आणि तोच कांदा देशाबाहेर पाठवणे हा दिल्लीचा. आपण ज्याला परदेशी विषय म्हणून बाजूला सारतो, तो सोलापूरच्या मार्केट यार्डात रोज सकाळी लिलावाला उभा असतो.

अलीकडचा क्रम आठवून पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवता येईना. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद झाली. ३१ मार्च २०२४ ची मुदत पुढे वाढवली गेली आणि ४ मे रोजी ५५० डॉलरचे किमान मूल्य व ४० टक्के शुल्क ठेवून निर्यात उघडली. आपल्या दोन्ही मतदारसंघांत मतदान ७ मे रोजी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य हटले व शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि तेही १ एप्रिल २०२५ पासून गेले. यातला प्रत्येक निर्णय एका अधिसूचनेने झाला, त्यासाठी आधी संसदेत मतदान लागत नाही. म्हणूनच नंतर विचारला जाणारा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

माझी सूचना अशी की, या धाग्यावर चर्चा करून आपण एक प्रश्न नीट लिहून काढावा आणि तो दोन्ही खासदारांच्या कार्यालयांत द्यावा. कोणत्या पक्षाचा खासदार, हा मुद्दा येथे आणू नये ही विनंती.

गाळा_मुनीम

कांद्याविषयी एक गोष्ट जोडतो, कारण दिल्लीतल्या चर्चेत ती कधीच येत नाही. कांदा म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लासलगाव येते. तिकडचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, त्यामुळे भाव पडला तर शेतकरी काही काळ तरी थांबू शकतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात तो लाल कांदा असतो. त्याला टिकाऊपणा नाही. काढला की आठवड्या-दोन आठवड्यांत विकावाच लागतो, नाहीतर गोणीत पाणी सुटते आणि कोंब येतात. ८ डिसेंबरला बंदी आली तेव्हा आवक भरात होती. म्हणजे एकाच तारखेच्या एकाच आदेशाने ज्याच्याकडे थांबण्याची सोय मुळीच नाही त्याला जास्त मारले.

पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, वाचण्याची सवय नसलेल्यांसाठी सांगतो. वर गोण्यांची संख्या, वजन आणि दर असतो. खाली हमाली, तोलाई, मोटारभाडे, उचल घेतली असेल तर ती. दर पडला तरी खालच्या रकमा पडत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळे वजा जाता २ रुपये मिळाले, ते प्रकरण देशभर गाजले. किलोला १ रुपया दर लागला होता. ५१२ रुपयांतून ५०९ रुपयांहून अधिक कपात झाली. त्या पट्टीतली वजाबाकी बरोबरच होती, हेच त्यातले भयंकर.

भीमाथडी

मुनीमकाका, आपलेच उदाहरण धाग्याच्या मुद्द्याच्या विरोधात जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यातबंदी नव्हती, शुल्कही नव्हते. निर्यात खुली असूनही दर १ रुपयावर आला. म्हणजे दिल्लीने काही केले नाही तरीही शेतकरी मेलाच. तेव्हा दिलासा मिळाला तो राज्य सरकारकडून, क्विंटलला ३५० रुपयांचे अनुदान, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत. ते काम आमदारांनी विधानसभेत ओरडून करून घेतले, खासदारांनी नव्हे.

माझा मूळ आक्षेपही नोंदवतो. मतदार खासदाराकडे निर्यातधोरण मागत नाही, तो पाणी मागतो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात धरण उणे टक्क्यांत जाते आणि धरणाच्या जिल्ह्यातल्या शहराला नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. अशा ठिकाणी जो खासदार परराष्ट्र धोरणावर भाषण करील, त्याला लोक पुढच्या वेळी घरी बसवतील. शिवाय पक्षादेश (व्हिप) असतो. पक्षाच्या धोरणाविरुद्ध खासदार बोलणार कसा?

अधिनियम

भीमाथडी यांच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज सार्वत्रिक आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेला पक्षांतरबंदी कायदा सभागृहातल्या मतदानाला लागू होतो. प्रश्न विचारणे, शून्य प्रहरात विषय मांडणे, नियम ३७७ खाली निवेदन देणे, स्थायी समितीत अधिकाऱ्याला खोदून विचारणे, यांपैकी कशालाही पक्षादेश लागत नाही. सत्ताधारी पक्षाचा खासदारही सरकारला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो, आणि विचारतात. न विचारणाऱ्याला पक्षादेशाचे कारण सोयीचे पडते, एवढेच.

आता पद्धत. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, ज्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात. २३० अतारांकित, ज्यांची उत्तरे लेखी मिळतात. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. तारांकित यादीत कोणाचा प्रश्न कोणत्या क्रमांकावर, हे सोडतीने ठरते आणि तासाभरात प्रत्यक्षात पहिले पाच-सहाच प्रश्न होतात. तेव्हा तारांकित प्रश्न लागला नाही म्हणून खासदाराला दोष देता येत नाही. मात्र लागल्यानंतर जे पूरक प्रश्न विचारायचे असतात, ते त्याने विषय वाचला आहे की नाही हे उघड करतात. मंत्र्याचे छापील उत्तर बहुधा कोरडे असते; खरी माहिती निघते ती पूरक प्रश्नात. एखाद्या खासदाराचे काम पाहायचे असेल तर मी त्याचे पूरक प्रश्न वाचीन, यादीची लांबी मोजणार नाही.

कोणत्या मंत्रालयाने कोणत्या वारी उत्तरे द्यायची हे ठरलेले असते, आणि कांद्याच्या बाबतीत हीच मोठी मेख आहे. निर्यात बंद करणे किंवा उघडणे ही विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना, म्हणजे वाणिज्य मंत्रालय. निर्यातशुल्क लावणे हे अर्थ मंत्रालय. राखीव साठ्यासाठी खरेदी करणे हे ग्राहक व्यवहार मंत्रालय. आणि बंदीच्या काळात सरकारी परवानगीने जो कांदा बाहेर गेला, तो राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत, म्हणजे सहकार मंत्रालयाशी संबंध. एका कांद्याला चार मंत्रालये आहेत. चुकीच्या मंत्रालयाला विचारले की प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो किंवा ‘हा विषय आमच्याकडे नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. एवढे नीट करून देणारा एक माणूस खासदाराच्या कार्यालयात असला पाहिजे, आणि बहुतेक कार्यालयांत बदल्यांची आणि रुग्णालयाची पत्रे लिहिणारीच माणसे असतात.

राजापूर_गाडी

परराष्ट्र धोरणावर बोलणाऱ्याला लोक घरी बसवतात, हे भीमाथडी यांचे विधान मला मान्य नाही. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कोकणातल्या राजापूरचे खासदार होते. तो काळ आणि तो मतदारसंघ डोळ्यांपुढे आणा. रेल्वे नाही, अनेक गावांना धड रस्ता नाही, निम्मे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत. असा मतदारसंघ असलेला हा माणूस लोकसभेत परराष्ट्र धोरणावर आणि गोव्याच्या मुक्तीवर बोलत असे आणि सभागृह ऐकत असे. घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार अबाधित राहावा म्हणून त्यांनी मांडलेले खासगी विधेयक आजही कायद्याच्या वर्गांत शिकवले जाते. राजापूरच्या लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. त्यांच्या मागोमाग आलेल्या मधू दंडवते यांनी त्याच जागेवरून जाऊन रेल्वेमंत्रिपदी काम केले आणि कोकण रेल्वेचा पाठपुरावा केला. ग्रामीण मतदाराला मोठे विषय कळत नाहीत, हे आपण शहरात बसून ठरवलेले आहे.

शरद जोशी यांचेही उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून आलेला माणूस चाकणला कांद्याचे आंदोलन उभे करतो आणि पुढे २००४ ते २०१० राज्यसभेत बसतो. निर्यातबंदी म्हणजे शेतकऱ्यावर लावलेला कर आहे, हा विचार त्यांनी खेड्यातल्या सभांमध्ये मांडला आणि लोकांना तो समजला. त्यांच्याशी मतभेद असतील, माझेही आहेत, पण शेताचा बांध आणि जगाचा बाजार यांच्यात अंतर नाही, हे त्यांना ठाऊक होते.

भीमाथडी

नाथ पै यांचे उदाहरण मोठे आहे, पण तसे वक्ते पिढीत एखादेच होतात. आपण सामान्य खासदाराकडून काय अपेक्षा करावी याविषयी बोलत आहोत. तरी एक कबूल करतो की पाण्यातही दिल्लीचा एक दरवाजा आहे. भीमा ही कृष्णेची उपनदी, ती पुढे कर्नाटकात जाते, आणि आंतरराज्य नद्यांचा विषय केंद्राच्या सूचीत आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी बच्छावत लवाद झाला, ब्रिजेशकुमार लवाद झाला. त्या संदर्भात आपल्या खासदारांनी विचारण्यासारखे बरेच आहे. उजनीच्या कालव्याचे आवर्तन कधी सोडायचे, हे मात्र त्यांना विचारून उपयोग नाही.

पूर्वभाग

कांद्यावरच चर्चा थांबू नये म्हणून लिहितो. आमच्या पूर्व भागात यंत्रमागावर टेरी टॉवेल, नॅपकिन आणि चादर होते. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाने ऑर्डर येत नाही. युरोपात पाकिस्तानच्या मालाला २०१४ पासून आणि बांगलादेशच्या मालाला त्याच्याही आधीपासून शुल्कात सवलत आहे, आपल्याला तशी नव्हती. त्यामुळे तोच टॉवेल, तेच वजन, तरी आपला माल तिथल्या गोदीत उतरेपर्यंत महाग. त्यात २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लागू केले. अशा वेळी खरेदीदार पहिली गोष्ट ही म्हणतो की यातला काही भाग तुम्ही सोसा. कारखानदार ती गोष्ट सूत देणाऱ्याला सांगतो, आणि शेवटी मागावरच्या कामगाराची एक पाळी बंद होते. कामगाराला कोणी सांगत नाही की वॉशिंग्टनमध्ये काय झाले. त्याला एवढेच कळते की आठवड्याचा पगार कमी आला.

त्याच ऑगस्टमध्ये सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. सूत स्वस्त व्हावे म्हणून आम्हाला ते हवे होते. बार्शी आणि मराठवाड्याकडच्या कापूस उत्पादकाला ते नको होते, कारण त्याच्या वेचणीच्या हंगामातच परदेशी कापूस आला. एकाच खासदाराच्या मतदारसंघात, किंवा शेजारच्या मतदारसंघात, दोन्ही माणसे राहतात. अशा वेळी खासदाराने काय करावे? मला वाटते, त्याने निदान हे विचारावे की शुल्कमाफीचा फायदा सुताच्या दरात किती उतरला. तो उतरला नसेल तर कापूसवालाही बुडाला आणि मागवालाही.

सोलापूर आणि परदेश हे नाते काही नवे नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या गावच्या खासदाराने परराष्ट्र विषयात लक्ष घालणे कोणाला खटकू नये.

कुंभारी_रोड

विडी कामगारांचा विषय अजून कोणी काढला नाही, याचे नवल वाटले. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. सकाळी कारखान्याच्या दारात पान-तंबाखू घ्यायचे, घरी सुपात बसून वळायचे, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे, आणि तिथला माणूस छाट, म्हणजे नापास विड्या, काढील ती आपल्या अंगावर घ्यायची. मजुरी हजारी हिशेबाने. या बाईचा आणि परदेशाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल.

संबंध असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी मान्यता दिली. त्या कराराच्या अकराव्या कलमात पाकिटावरच्या धोक्याच्या इशाऱ्याची तरतूद आहे. त्यानुसार आपल्याकडे इशारे आले, आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापला. त्याच कराराच्या सतराव्या कलमात असेही लिहिले आहे की तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडणारा दुसरा रोजगार मिळावा म्हणून देशांनी प्रयत्न करावेत. अकरावे कलम अमलात आले. सतराव्या कलमाचे काय झाले, हा प्रश्न विचारायला सोलापूर, नगर, संगमनेर, गोंदिया यांच्या खासदारांइतका हक्काचा माणूस दुसरा कोण?

नगरच्या खासदारांनी, म्हणजे दिलीप गांधी यांनी, या विषयात भाग घेतला होता. ते लोकसभेच्या अधीनस्थ विधान समितीचे, म्हणजे कायद्याखाली केलेले नियम तपासणाऱ्या समितीचे, अध्यक्ष होते आणि इशाऱ्यांचे नियम त्या समितीपुढे होते. समितीने आधी अंमलबजावणी थांबवायला सांगितली आणि मार्च २०१६ च्या अहवालात ५० टक्के इशारा पुरे असे म्हटले. सरकारने ते ऐकले नाही. पण त्याआधीच ‘तंबाखूने कर्करोग होतो याचा भारतीय अभ्यास कुठे आहे’ अशा अर्थाचे विधान गांधी यांनी केल्याने देशभर टीका झाली, आणि समितीत एक खासदार स्वतःच विडी उद्योगातले होते हेही बाहेर आले. माझ्या मते ती संधी वाया गेली. विडीने अपाय होतो हे नाकारण्याची काही गरज नव्हती. अपाय होतो, म्हणूनच वळणाऱ्या बाईला दुसरे काम द्या, आणि ते करारातच लिहिलेले आहे, असे बोट ठेवून मागता आले असते. विडी कारखानदाराची बाजू मांडली गेली आणि ती विडी कामगाराची बाजू म्हणून खपवली गेली.

दुसरे असे की विडी कामगार कल्याण निधी १९७६ च्या कायद्याने उभा राहिला होता, विड्यांवरच्या उपकरातून. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल, हे सारे त्या पैशावर चालत होते. आता ते अर्थसंकल्पातून मिळेल तेवढ्यावर चालते. दरवर्षी किती मिळाले, किती खर्च झाले आणि सोलापूरच्या वाट्याला काय आले, हा साधा अतारांकित प्रश्न आहे. उत्तर लेखी येते, ते घेऊन युनियनला पुढे बोलता येते.

डाळिंब_बाग

सांगोल्याचा आहे म्हणून दोन शब्द. आमच्याकडे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, पहिल्यांदा १९६२ मध्ये. एसटीने फिरणारे आमदार म्हणून लोक त्यांचे कौतुक करतात, ते खरेच आहे, पण साधेपणाच्या गोष्टींत त्यांचे सभागृहातले काम झाकून जाते. एकच विषय, दुष्काळी तालुक्याचे पाणी, त्यांनी दर अधिवेशनात लावून धरला. एका अधिवेशनात मिळालेल्या उत्तराचा कागद पुढच्या अधिवेशनात मंत्र्यापुढे धरायचा, ही त्यांची रीत. खासदारांनी ही सवय उचलली तर फार काही वेगळे करावे लागणार नाही.

डाळिंबाचे सांगायचे तर तेल्या व मर हे रोग आणि खोडकिडा यांनी बागा गेल्या, ते आमचे दुखणे आम्ही आणि केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने बघायचे. पण अमेरिकेची बाजारपेठ आमच्या डाळिंबाला बंद होती ती फळमाशीच्या कारणाने. ती २०२३ मध्ये चाचणीच्या मालाने उघडली, कारण दोन देशांचे अधिकारी बसून विकिरण प्रक्रियेच्या अटी ठरवू शकले. अशी बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळतात. कोणत्या देशाशी कोणत्या फळाची बोलणी कोणत्या टप्प्यावर आहेत, हे दर सहा महिन्यांनी खासदाराने विचारले तर फाइल हलती राहते. नागपुरी संत्र्यावर बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेले, तेव्हा आपले सरकार किती वेळा त्यांच्याशी बोलले, हेही असेच विचारण्याजोगे.

सीनाकाठ

सर्वांचे आभार. विडी कामगारांचा प्रश्न स्वतंत्र लिहावा असे मला वाटते, कुंभारी_रोड यांनी तो लिहावा. कांद्याच्या प्रश्नाचा मसुदा मी खाली देतो, सुधारणा सुचवाव्यात.

‘लाल कांदा उत्पादक शेतकऱ्यांवर अन्याय करणारी निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ रोजी कोणत्या कारणाने लादली, बंदी असताना गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी देऊन महाराष्ट्राशी दुजाभाव का केला, बांगलादेशाने संधी साधून अन्य देशांकडून कांदा घेतला हे सरकारला माहीत आहे काय, सोलापूर बाजार समितीत शेतकऱ्यांचे झालेले नुकसान सरकार भरून देणार काय, आणि कांदा चाळींसाठी अनुदान वाढवणार काय?’

अधिनियम

तळमळ कळते, पण हा मसुदा सचिवालयात पहिल्याच टेबलावर अडकेल. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा आरोप नसावा, मत विचारलेले नसावे, आणि मित्रदेशाचा अनादराने उल्लेख नसावा. ‘अन्याय करणारी’, ‘लादली’, ‘दुजाभाव’, ‘संधी साधून’ हे चारही काढावे लागतील. चाळींचे अनुदान कृषी मंत्रालयाकडे जाते, ते येथे नको. बाजार समितीतले व्यवहार राज्याचे.

विधानसभेत आपण ‘हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय’ असा साचा वापरतो, लोकसभेतही साधारण तीच चाल. मी पुन्हा लिहून पाहतो.

‘वाणिज्य आणि उद्योग मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय :
(क) ८ डिसेंबर २०२३ ते ३ मे २०२४ या काळात कांदा निर्यातीवर बंदी असताना सरकारच्या परवानगीने कोणत्या देशांना किती कांदा निर्यात झाला, त्याचा देशनिहाय, राज्यनिहाय आणि वाणनिहाय तपशील;
(ख) बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारिन, मॉरिशस आणि श्रीलंका यांच्यासाठी मंजूर ९९,१५० टनांपैकी प्रत्यक्ष निर्यात झालेले प्रमाण आणि उत्पादकाला दिलेला खरेदी दर;
(ग) निर्यातीवर निर्बंध घालताना खरीप व लेट खरीप लाल कांद्याच्या मर्यादित टिकाऊपणाचा विचार करण्यात आला काय; असल्यास, त्याचा तपशील;
(घ) नसल्यास, त्याची कारणे?’

यात एकही विशेषण नाही. पण (क) मधला राज्यनिहाय तपशील आला की गुजरातचा मुद्दा आपोआप कागदावर येतो, आणि (ग) ला ‘नाही’ असे उत्तर आले तर लाल कांद्याचा विचारच झाला नव्हता हे मंत्रालयाच्या शिक्क्यानिशी सिद्ध होते. पूरक प्रश्नासाठी मुनीमकाकांनी दिलेली माहिती खासदारांना वेगळ्या कागदावर द्यावी. त्यांना मराठीतून विचारायचे असेल तर अध्यक्षांच्या अनुमतीने तीही सोय आहे.

भीमाथडी

मसुदा चांगला झाला आहे. (ग) मध्ये ‘साठवणक्षमतेचा’ असा शब्दही घालावा, नाहीतर मंत्रालय टिकाऊपणावर कृषी विद्यापीठाचा एखादा परिच्छेद चिकटवून मोकळे होईल. फेब्रुवारी २०२३ चा माझा आक्षेप मात्र कायम आहे. निर्यात उघडी असताना दर का कोसळला, याचे उत्तर या प्रश्नातून मिळणार नाही. श्रीलंकेकडे तेव्हा डॉलर नव्हते हे सर्वांना ठाऊक आहे, पण एवढ्याने १ रुपया दराचा उलगडा होत नाही.

अधिनियम

साठवणक्षमता घालतो. फेब्रुवारीचा प्रश्न अतारांकित म्हणून वेगळा द्यावा, त्याच दिवशी दोन्ही देता येतात. त्यात २०२२-२३ मधली देशनिहाय आणि महिनावार निर्यात मागावी, म्हणजे कोणत्या महिन्यात कोणता खरेदीदार देश मागे हटला ते आकड्यांतून कळेल.

गाळा_मुनीम

अधिवेशनाची तारीख आणि मंत्रालयांचे वार जाहीर झाले की १५ दिवसांचा हिशेब लावून अर्ज द्यावा लागेल, तेव्हा उशीर नको. लाल कांद्याची आवक भरात येण्याआधी उत्तर हाती आले तर त्याचा उपयोग. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दर आणि आवक गेल्या तीन हंगामांची काढून ठेवतो, नावे झाकून चार-पाच पट्ट्यांच्या छायाप्रतीही जोडतो. माढ्याच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन देईन आणि पोच घेईन. सोलापूरचे कोण देणार?

पूर्वभाग

सोलापूरचे मी देतो. कुंभारी_रोड यांनी विडीचा मसुदा रविवारपर्यंत येथे टाकला तर दोन्ही कागद एकदमच देता येतील. सुताच्या दराचा प्रश्न वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे की वाणिज्यकडे, एवढे अधिनियम यांनी सांगावे.